मूग नव्हे, मोग

गोव्यात वाढलेल्या कुणालाही मोग या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. कोकणीतला हा शब्द म्हणजे प्रेम, माया, जीव लावणं. एका अमेरिकन इंजिनिअरचं आडनाव उच्चाराने नेमकं हेच होतं. इंग्रजी स्पेलिंग वाचून पुष्कळ लोक त्याला मूग म्हणतात आणि आपल्याला उगाच उसळ आठवते. पण त्यांच्या घरचा उच्चार मोग असाच. रॉबर्ट आर्थर मोग, जवळच्यांचे बॉब. सिंथेसायझर प्रयोगशाळेतून बाहेर काढून वादकाच्या हातात देणाऱ्यांत त्यांचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं.

आपल्या मंडळाच्या अंकात बहुतेक वेळा कवी-लेखकांची चरित्रं येतात. मग हा इंजिनिअर मध्येच कुठून आला, असं कुणी विचारेल. कारण असं, की मोग यांच्या आयुष्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा भेटते: सूर टिकत नाही. त्यांच्या यंत्राने जगाचं संगीत बदललं, पण ते यंत्र सुरात ठेवणं हा रोजचा झगडा होता. ही तक्रार त्यांनी कशी ऐकली आणि त्या वाटेवर काय गमावलं, काय परत मिळवलं, ते मला सांगायचंय.

बॉबचा जन्म २३ मे १९३४ चा, न्यूयॉर्कमधला. वडील वीज कंपनीत इंजिनिअर होते आणि घरी त्यांची हत्यारांची खोली होती. आईची इच्छा होती की मुलाने पियानोवादक व्हावं. त्यामुळे मुलगा आईसाठी पियानोचा रियाज करायचा आणि सुटला की वडिलांसोबत सोल्डरिंग करायचा. चौदा-पंधरा वर्षांचा असताना त्याने एका मासिकातला आराखडा बघून थेरेमिन तयार केलं.

थेरेमिन हे रशियन शास्त्रज्ञ लेव थेरेमिन यांनी १९२० च्या सुमारास शोधलेलं वाद्य. त्याला हात लावायचाच नसतो. एका अँटेनाजवळ उजवा हात हवेत पुढे-मागे केला की सूर चढतो-उतरतो, आणि दुसऱ्या अँटेनाजवळ डावा हात हलवला की आवाज लहान-मोठा होतो. पट्ट्या नाहीत, पडदे नाहीत, बोट टेकवायला तारही नाही. वादकाने नुसतं अंग हलवलं तरी सूर ढळतो. म्हणजे या मुलाने स्वतः बांधलेलं पहिलं वाद्यच असं निघालं, ज्यात सूर धरून ठेवणं सगळ्यात अवघड.

पण त्याला तेच आवडलं. १९५४ साली, विशीही पुरी व्हायच्या आत, थेरेमिन कसं बनवावं यावर त्याचा लेख छापून आला. वडिलांना हाताशी धरून त्याने घरातूनच थेरेमिन विकायला सुरुवात केली. पुढे क्वीन्स कॉलेजमध्ये भौतिकशास्त्र, कोलंबियात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि मग कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. असं शिक्षण चाललं. १९५८ मध्ये शर्ली यांच्याशी लग्न झालं. १९६१ मध्ये मोग यांनी ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या थेरेमिनचा आराखडा प्रसिद्ध केला, आणि त्याचे सुटे भाग भरलेले सुमारे हजार संच त्यांनी विकले. शिकता शिकता संसार आणि धंदा दोन्ही चालू होतं. पीएच.डी. हातात पडायला १९६५ उजाडलं.

१९६३ च्या नोव्हेंबरात संगीत शिक्षकांच्या एका परिषदेत त्यांना हर्बर्ट डॉइच भेटले. डॉइच संगीतकार होते आणि नव्या ध्वनींच्या शोधात होते. त्या काळी इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे ध्वनिफितीचे तुकडे ब्लेडने कापायचे आणि चिकटवायचे. मिनिटभराच्या संगीतासाठी कितीतरी दिवस जात. १९६४ च्या उन्हाळ्यात दोघं न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग या छोट्या गावी, मोग यांच्या कार्यशाळेत एकत्र बसले. डॉइच काय ऐकायचंय ते सांगत आणि मोग त्याचं सर्किट करून देत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोग यांनी ही कल्पना ध्वनी-अभियंत्यांच्या अधिवेशनात मांडली.

कल्पना साधी होती. स्वर निर्माण करणाऱ्या सर्किटला ऑसिलेटर म्हणतात. त्याची उंची माणसाने बटण फिरवून ठरवण्याऐवजी एका विजेच्या दाबाने, म्हणजे व्होल्टेजने, ठरवायची. मोग यांच्या यंत्रात एक व्होल्ट वाढला की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. सप्तकात बारा पट्ट्या, म्हणून एका पट्टीला व्होल्टचा बारावा भाग, साधारण ८३ मिलिव्होल्ट. आजही जगातल्या बहुतेक मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये हाच हिशेब चालतो.

मॉड्युलर म्हणजे सुट्या खणांचं. एका खणात ऑसिलेटर, दुसऱ्यात आवाज गाळणारा फिल्टर, तिसऱ्यात आवाज कमी-जास्त करणारं सर्किट. हे खण वायरींनी हवे तसे जोडायचे. आणि सुराचा हुकूम व्होल्टेजने द्यायचा म्हटल्यावर तो हुकूम बोटांनीच दिला पाहिजे असं कुठे आहे? दुसरं यंत्रही तो देऊ शकतं. तेच काम सिक्वेन्सर करतो. मोग यांच्या ९६० क्रमांकाच्या सिक्वेन्सरवर बटणांच्या तीन ओळी असत आणि प्रत्येक ओळीत आठ बटणं. प्रत्येक बटणावर एक व्होल्टेज लावून ठेवायचं. यंत्र एकामागून एक आठ घरं चालत जातं, पुन्हा पहिल्यावर येतं, आणि आठ सुरांची माळ कुणी हात न लावता फिरत राहते.

अडचण सुरू होते ती इथेच. आपला कान पट्टीच्या शंभराव्या भागाचा नाही, पण पाच-सहा शतांशांचा फरक सहज पकडतो, निदान दोन स्वर एकत्र वाजत असले तर नक्कीच. पट्टीचा शंभरावा भाग म्हणजे एका मिलिव्होल्टपेक्षाही कमी. वायरींच्या जंजाळात इतकी बारीक गोष्ट स्थिर ठेवायची, आणि ज्याच्या भरवशावर ठेवायची तो ट्रान्झिस्टर उष्णतेला फार हळवा.

हे थोडं नीट सांगते. सारखं वाढणारं व्होल्टेज घेऊन दर व्होल्टला दुप्पट होणारा प्रवाह द्यायचा, हे काम ट्रान्झिस्टर आपल्या स्वभावानेच करतो. त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढलं की प्रवाह दुप्पट होतो. पण हा १८ चा आकडा तापमानावर अवलंबून असतो. खोलीच्या तापमानाला दर एका अंश सेल्सिअसमागे तो सुमारे एक तृतीयांश टक्क्याने बदलतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. पण ज्या मूळ सुरापासून मोजायचं त्याच्या चार सप्तकं वरचा स्वर घ्या. काही उपाय केला नसेल, तर एका अंशाच्या उष्णतेने तो पट्टीच्या सुमारे सहाव्या भागाइतका उतरतो. खोलीत चार माणसं येऊन बसली आणि खिडकी बंद केली, एवढं त्याला पुरतं. शिवाय त्याच ट्रान्झिस्टरमधून वाहणारा मूळचा गळका प्रवाह तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो, तो त्रास वेगळाच.

हवामानाने सूर हलतो हे आपल्याला नवीन नाही. घुमटाचं कातडं पावसाळी हवेत सैल पडतं, मग ते थोडं शेकून घ्यावं लागतं. तंबोरा मैफलीच्या आधी लावला तरी मध्यंतरात पुन्हा खुंट्या पिळाव्या लागतात. फरक इतकाच, की गायक किंवा व्हायोलिनवादक आपलं आपण सावरून घेतो. कान ऐकतो, बोट सरकतं, आणि श्रोत्याला पत्ताही लागत नाही. सिक्वेन्सरला कान नाहीत. तो त्याच आठ घरांतून शंभर वेळा जातो. श्रोत्याच्या कानात ती माळ पक्की बसलेली असते, त्यामुळे एक मणी जरी सरकला तरी खटकतो.

अशा वेळी करायचं काय? या यंत्रांवर काम करणाऱ्यांनी अनुभवातून जी पद्धत बसवली ती मला एखाद्या चांगल्या डॉक्टरच्या तपासणीसारखी वाटते. आधी यंत्र सुरू करून अर्धा-एक तास नुसतं तापू द्यायचं. थंड यंत्र सुरात लावणं म्हणजे फुकटची मेहनत. मग सिक्वेन्सरची वायर काढायची आणि ऑसिलेटरचा एकच सूर एखाद्या स्थिर सुराशी ताडून बघायचा. तरीही तो सरकत असेल तर दोष ऑसिलेटरचा किंवा वीजपुरवठ्याचा. स्थिर राहिला तर दोष सिक्वेन्सरमध्ये किंवा वायरींमध्ये शोधायचा.

पुढची पायरी कानाची. सगळे सूर सारखेच चढलेले किंवा उतरलेले असतील तर काळजी नको, मूळ सुराचं बटण फिरवलं की झालं. पण खालचं सप्तक बरोबर आणि वर जावं तसं प्रत्येक सप्तक आखूड होत गेलेलं असेल, तर एका व्होल्टला एक सप्तक हे मापच बिघडलेलं आहे. ते आतल्या छोट्या स्क्रूने जुळवावं लागतं, आणि तेही खाली-वर, खाली-वर असं चार-पाच वेळा. एका सिक्वेन्सरचं व्होल्टेज नुसत्या फाट्याने तीन ऑसिलेटरना वाटलं असेल, तर तिसरं जोडताच पहिल्या दोघांचा सूर खाली बसू शकतो, कारण प्रत्येक जण थोडा प्रवाह ओढतो. तिथे मध्ये बफर बसवायचा. धरून ठेवलेला सूर हळूहळू घसरत असेल तर कीबोर्डमध्ये व्होल्टेज साठवणारा कपॅसिटर गळतोय. सिक्वेन्सरचे दिवे लागता-विझताना सूर हलत असेल तर दिवे आणि ऑसिलेटर एकाच वीजवाटेवर भांडतायत. आणखी एक साधी युक्ती: ९६० वर १, २ आणि ४ असा पल्ला निवडायचा स्विच असतो. शक्यतो सगळ्यात लहान पल्ला घ्यायचा, म्हणजे बटण केसभर फिरलं तरी सूर फार उडी मारत नाही.

ही सगळी कटकट ज्यांनी सोसली त्यांत वेंडी कार्लोस यांचं नाव पहिलं. १९६८ मध्ये त्यांनी बाखचं संगीत फक्त मोग सिंथेसायझरवर वाजवून स्विच्ड-ऑन बाख ही ध्वनिमुद्रिका केली. यंत्र एका वेळी एकच सूर वाजवायचं, म्हणून प्रत्येक ओळ वेगळी वाजवून एकावर एक चढवायची. दर काही मात्रांनंतर थांबायचं, सूर तपासायचा, पुन्हा लावायचा आणि पुढच्या चार मात्रा घ्यायच्या. ज्या बाखने आयुष्याची कितीतरी वर्षं चर्चच्या ऑर्गनपाशी घालवली, त्याचं संगीत असं कण कण वेचून उभं राहिलं. ही ध्वनिमुद्रिका प्रचंड खपली आणि १९७० मध्ये तिला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. कार्लोस मोग यांना सतत सूचना करत. हे बटण असं हवं, पट्टीला बोटाचा दाब कळायला हवा, सूर टिकायला हवा. मोग ऐकत आणि बदल करत. आपण घडवलेल्या वस्तूविषयी कुणी वाकडं बोललं की आपल्यातले बरेच जण मूग गिळून बसतात, नाहीतर भांडतात. मोग हातात सोल्डरिंगची इस्तरी घेत.

याच सुमाराला त्यांचं यंत्र भारतातही आलं. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा करून दिला, आणि तिथे मोग मॉड्युलर होतं. वडोदऱ्याच्या आपल्या वाचकांना हे ठिकाण हाकेच्या अंतरावर. १९६९ ते १९७२ या काळात गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, आय. एस. माथूर आणि एस. सी. शर्मा यांनी तिथे काम केलं. त्या ध्वनिफिती अनेक दशकं संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. आता त्या पुन्हा उजेडात आल्या असून त्यांतलं निवडक संगीत २०२३ मध्ये प्रकाशित झालं. ज्या देशात श्रुतींवर शतकानुशतकं विचार झाला, तिथल्या कानांपुढे हे चंचल यंत्र उभं राहिलं होतं, ही कल्पनाच मला सुखावते.

युरोपात या चंचलपणाचं वेगळंच झालं. जर्मनीच्या टँजरिन ड्रीम या गटाने १९७३ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये फीड्रा हा अल्बम मुद्रित केला. शीर्षक रचनेत मोगचा सिक्वेन्सर वाजत असताना यंत्र तापत गेलं आणि सूर सरकत गेला. वाजवणारे ख्रिस फ्रांके तो सावरायला बघत होते. ते सगळं ध्वनिमुद्रणात तसंच ठेवलं गेलं, आणि ऐकणाऱ्यांना त्या सरकण्यातच जादू वाटली. १९७७ मध्ये म्युनिकला जॉर्जिओ मोरोडर यांनी डोना समर यांच्यासाठी आय फील लव्ह केलं, तेव्हा मोग मॉड्युलर फार वेळ सुरात राहत नसल्याने वाद्यांचा भाग थोडा थोडा करून घ्यावा लागला. आज नाचाच्या प्रत्येक ठिकाणी जे यांत्रिक, न थकणारं संगीत ऐकू येतं त्याचं मूळ बऱ्याच अंशी त्या गाण्यात आहे. ऐकताना वाटतं यंत्र न थांबता चाललंय. प्रत्यक्षात माणसं दर थोड्या वेळाने थांबून सूर लावत होती.

इतकं नाव होऊनही मोग यांची तिजोरी रिकामीच होती. ते धंद्यात कच्चे होते. १९६९ मध्ये अ‍ॅलन पर्लमन यांची एआरपी ही कंपनी उभी राहिली आणि आमचा सूर ढळत नाही, याच जोरावर तिने गिऱ्हाईक खेचलं. मोग यांच्या कार्यशाळेतल्या इंजिनिअरांनी १९७० मध्ये सुटसुटीत, वायरींची भानगड नसलेला मिनीमोग आणला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ९२१ मालिकेचे ऑसिलेटर आले, ते आधीच्या ९०१ पेक्षा पुष्कळ स्थिर होते. इलाज ठरलेला होता: एकसारखे दोन ट्रान्झिस्टर एकमेकांना चिकटवून ठेवायचे, म्हणजे दोघं बरोबरच तापतात आणि गळक्या प्रवाहाचा फरक आपोआप कटतो. आणि उरलेल्या एक तृतीयांश टक्क्यासाठी तापमानाबरोबर तितकाच बदलणारा रेझिस्टर जोडायचा. दुखणं आणि औषध शेजारी शेजारी.

यंत्र सुधारलं, पण तोवर कंपनी हातची गेली होती. १९७१ मध्ये कर्जाखाली दबून त्यांनी ती विकली आणि ट्रुमन्सबर्ग सोडून कारखाना बफेलोजवळ गेला. १९७३ मध्ये ती आणखी मोठ्या कंपनीकडे गेली. मोग तिथे नोकरदार म्हणून राहिले आणि १९७७ मध्ये बाहेर पडले. बाहेर पडताना आपलं नावही मागे राहिलं. मोग हे नाव वाद्यावर छापायचा हक्क आता मोग यांनाच नव्हता. आडनाव गमावणं म्हणजे काय, हे आपल्यासारख्या घराण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोकांना वेगळं सांगायला नको.

१९७८ मध्ये ते नॉर्थ कॅरोलिनात अ‍ॅशव्हिलजवळच्या डोंगराळ भागात राहायला गेले. तिथे त्यांनी बिग ब्रायर या नावाने पुन्हा छोटी कंपनी काढली आणि पुन्हा थेरेमिन बनवू लागले. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला. त्यात सूर आकड्यांनी ठरत होता, तो तापो वा गोठो, हलणार नव्हता. मोग यांची जुनी डोकेदुखी एका फटक्यात मिटली, आणि त्याबरोबर जुन्या यंत्रांचा बाजारही. मॉड्युलर सिंथेसायझर कवडीमोलाने विकली गेली.

पण काही वर्षांनी लोकांना चुकल्यासारखं वाटू लागलं. दोन जुने ऑसिलेटर एकत्र वाजवले की त्यांच्यात केसभर फरक राहतो, तो सतत थोडा बदलतो, आणि त्यातून आवाजाला ऊब येते. दोन तंबोरे एकत्र छेडले की जो भारून टाकणारा नाद उठतो, त्याच्या जवळ जाणारं काहीतरी त्यात आहे. अगदी अचल सुरात ते सापडत नव्हतं. मोग यांनी २००२ मध्ये मिनीमोग व्हॉयेजर आणला, तो ही ऊब ठेवून आणि सूर कितीतरी जास्त स्थिर करून. त्याच वर्षी दीर्घ कज्ज्यानंतर मोग हे नाव त्यांना परत मिळालं. त्याआधी २००१ मध्ये स्वीडनचा पोलर संगीत पुरस्कार त्यांना मिळाला होता. मेंदूच्या कर्करोगाने २१ ऑगस्ट २००५ रोजी अ‍ॅशव्हिलमध्ये त्यांचं निधन झालं. वय ७१.

मोग यांना यंत्राचा स्थिर सूर हवाच होता, त्यासाठी त्यांनी जन्मभर खपून घेतलं. तरीही त्यांनी वाद्य पूर्ण झालं म्हणून वादकाची तक्रार कधी परत पाठवली नाही. आपणही लिहितो, कविता वाचून दाखवतो, आणि समोरून कुणीतरी म्हणतं की तिसऱ्या कडव्यात सूर उतरला. तेव्हा वही मिटायची की पेन्सिल काढायची, हा प्रश्न आपल्याही पुढे असतो.

आता एकदा हेडफोन लावून आय फील लव्ह किंवा फीड्रा शांतपणे ऐका. अहमदाबादच्या ध्वनिफिती मिळाल्या तर त्याही ऐका. कुठेतरी एखादा सूर किंचित हललेला सापडेल. तो सावरायला तिथे एक हात खुंटीवर होता, हे ध्यानात ठेवून ऐका.